पगार कामाच्या मानाने बरोबर आहे का? कागद-पेन घेऊन कसं तपासायचं

२०१८ साली मी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या फॅब्रिकेशन कारखान्यात अकाउंट्स असिस्टंट म्हणून लागले. ग्रॉस पगार, म्हणजे काही कापायच्या आधीचा, १६,०००. काम म्हणजे टॅलीत खरेदी-विक्रीच्या एन्ट्र्या, बँकेची जुळवणी आणि व्हाउचरच्या फायली. २०२३ उजाडेपर्यंत जीएसटीची रिटर्न, टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा कर), चाळीस माणसांचा पगार, पीएफ आणि ईएसआयची (ठरावीक मर्यादेपर्यंत पगार असलेल्यांचा सरकारी आरोग्य विमा) चलनं, थकलेल्या पार्ट्यांना वसुलीचे फोन आणि सीए साहेबांच्या ऑफिसातून येणाऱ्या सगळ्या शंका, एवढं माझ्याकडे आलं होतं. पगार २१,५०० आणि पदाचं नाव तेच.

दोन वर्षं मी नुसती धुसफुसत होते. डबा खाताना कुरकुर, घरी आल्यावर कुरकुर. हिशेबाचं काम करणारी बाई स्वतःचा हिशेब मात्र मांडत नव्हती. शेवटी एका रविवारी बसले, तेव्हा कळलं की काही बाबतीत माझी तक्रार चुकीची होती आणि काही बाबतीत मला वाटत होतं त्यापेक्षाही जास्त बरोबर होती. तो हिशेब कसा मांडायचा ते खाली देते. उदाहरणं अकाउंट्सची आहेत, पण स्टोअर, डिस्पॅच, क्वालिटी, शाळेचं ऑफिस, दवाखान्याचं काउंटर, कुठेही रीत हीच.

आधी जमवायचे कागद

- नेमणूकपत्र आणि त्यानंतरची पगारवाढीची सगळी पत्रं
- पहिली पगारपावती, प्रत्येक वाढीनंतरची एक आणि मागच्या तीन महिन्यांच्या
- फॉर्म १६, मिळत असेल तर
- पीएफचं पासबुक (यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, टाकून ईपीएफओच्या पोर्टलवर किंवा उमंग अ‍ॅपवर दिसतं)
- एक साधी वही

नेमणूकपत्र सापडत नसेल तर ऑफिसात मागा. 'कशाला हवंय?' असं विचारतील. 'बँकेत कर्जासाठी' हे उत्तर सगळीकडे चालतं.

१. हातात किती पडतात ते आधी नीट समजून घ्या

पगाराची तुलना करताना निम्मे लोक इथेच घसरतात. एक जण सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) सांगतो, दुसरा ग्रॉस, तिसरा हातात पडणारा आकडा, आणि तिघंही म्हणतात 'पगार'. समजा, कोणी सांगितलं की मला वर्षाला ४ लाख २० हजारांचं पॅकेज आहे. महिन्याला ३५,०००. मूळ पगार त्याच्या निम्मा, म्हणजे १७,५०० धरू. आता यातून काय काय वजा होतं बघा:

- कंपनीचा पीएफचा हिस्सा, १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के: १,८००
- ग्रॅच्युइटीची तरतूद, मूळ पगाराच्या ४.८१ टक्के: ८४२
- वर्षाअखेरी 'कामगिरीप्रमाणे' मिळणारे २४,०००, महिन्याला: २,०००
- ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता, समजा: ५००

उरला ग्रॉस २९,८५८. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात २७,८५८. पस्तीस हजारांच्या गप्पा आणि खात्यात अठ्ठावीससुद्धा नाहीत. यात फसवणूक नाही, पीएफ शेवटी तुमचाच आहे. पण ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारण सलग ५ वर्षं काढल्यावरच हाती लागते, आणि 'कामगिरीप्रमाणे'चे पैसे कंपनीच्या मनावर. म्हणून माझा नियम साधा आहे: तुलना ग्रॉसशी ग्रॉसची करायची आणि बेभरवशाच्या रकमा बाजूला लिहायच्या.

महाराष्ट्रात महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना एप्रिल २०२३ पासून व्यवसाय कर नाही. तुमचा कापला जात असेल तर पगारपावती घेऊन विचारा.

पासबुकही इथेच बघून घ्या. पावतीवर पीएफ कापलेला दिसतो, पण भरलेला दिसतो का? मी ज्यांना ज्यांना बघायला लावलं त्यांच्यातल्या एकाचे चार महिने पासबुकात नव्हतेच.

२. भाववाढ वजा करा

'पाच वर्षांत साडेपाच हजार वाढले' हे मालकाचं वाक्य होतं आणि ते खरंही होतं. मी आकडेमोड केली. १६,००० वर दरवर्षी ६ टक्के चढवले तर पाच वर्षांनी होतात साधारण २१,४००. मला मिळत होते २१,५००. वर्षाला ४ टक्केच भाववाढ धरली तर आकडा येतो १९,४७० च्या आसपास, म्हणजे खरी वाढ दोन हजारांची. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य ४ टक्के आणि वरची मर्यादा ६ टक्के आहे, म्हणून मी हे दोन दर घेतले. तुम्हीही दोन्ही लावून बघा.

माझ्या बाबतीत निष्कर्ष असा निघाला की पाच वर्षांत मिळालं ते बहुतेक भाववाढीतच गेलं. नव्या कामांचे पैसे जवळजवळ शून्य.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ईएसआयची पगारमर्यादा महिना २१,००० आहे. माझा पगार २०,००० वरून २१,५०० झाला, मी पेढे वाटले, आणि योगदानाची ती सहामाही संपल्यावर ईएसआयमधून बाहेर पडले. आईची औषधं तोवर ईएसआयच्या दवाखान्यातून येत होती. पुढे तिच्यासाठी खासगी विमा शोधायला गेले तर वय आणि मधुमेह बघून सांगितलेला हप्ता माझी वर्षाची सगळी वाढ गिळून वर उरत होता. तुमचा पगार या रेषेच्या जवळ असेल तर वाढ मागताना एक तर रेषेच्या बरंच पुढे जाईल इतकी मागा, नाही तर कंपनीकडून मेडिक्लेम मागा.

३. महिनाभर वही ठेवा

आठवडाभर पुरत नाही, कारण बहुतेक ऑफिसांचं काम महिन्याच्या चक्रात फिरतं. माझं ७ तारखेला टीडीएस भरणं, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न), १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला थ्री-बी (जीएसटी भरायचं रिटर्न), महिनाअखेर व्यवसाय कर, आणि मधल्या फटीत पगार. २१ ते २८ एवढाच आठवडा पाहिला असता तर माझ्याकडे विशेष काम नाही असंच दिसलं असतं.

वहीत चार रकाने करा: काम काय, किती वेळ, हे काम नेमणूकपत्रात होतं का, आणि नसेल तर कधीपासून आणि कोणाकडून आलं. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरा. माझ्याकडची तीन कामं नोकरी सोडून गेलेल्या एका सीनियरची होती. 'नवीन माणूस मिळेपर्यंत बघ' असं म्हणून दिलेली. नवीन माणूस कधी आलाच नाही आणि त्याच्या पगाराचं काय झालं हे मीही विचारलं नाही. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं, ते हे.

सापळा: उशिरापर्यंत बसणं म्हणजे जबाबदारी असं समजू नका. मी रोज साडेसातपर्यंत थांबायचे, त्यातला तास-दीड तास साहेब थांबलेत म्हणून जायचा. वहीत तो तास मी 'बसून' असा लिहिला. लाज वाटली, पण त्याने हिशेब खरा झाला. कारखान्यात तुमची नोंद कामगार म्हणून असेल तर गोष्ट वेगळी. ठरलेल्या तासांवरच्या कामाला दुप्पट दर, हे १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आलं आहे. तो हक्काचा पैसा आहे, त्याचा पगारवाढीशी संबंध नाही.

४. प्रत्येक कामाला विचारा: चुकलं तर काय?

माझ्या मते सगळ्या तपासणीचं मर्म इथे आहे. वीस कामांची यादी बघून कोणताही मालक पटत नाही, कारण त्याच्या मते तो स्वतः चाळीस करतो. कामाचं वजन कळतं ते चुकीच्या किमतीवरून. वहीतल्या मोठ्या कामांना हे चार प्रश्न लावा.

चूक झाली तर किती रुपये जातात? टीडीएस कापून वेळेवर भरला नाही तर महिन्याला दीड टक्का व्याज, आणि महिन्याचा एखादा दिवस उलटला तरी अख्खा महिना धरतात. टीडीएसचं तिमाही रिटर्न चुकलं तर दिवसाला २०० रुपये. थ्री-बीला उशीर झाला तर दिवसाला ५० आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. ही झाली सरकारी किंमत. खरी किंमत वेगळीच असते. जीएसटीआर-१ मध्ये एक बिल राहिलं की समोरच्या मोठ्या कंपनीतून फोन येतो, 'तुमचं बिल आमच्या टू-बीत दिसत नाही,' (टू-बी म्हणजे खरेदीवरच्या करवजावटीची त्यांची जीएसटी यादी) आणि ती कंपनी लाखो रुपयांचं पेमेंट रोखून धरते. मग आमच्याकडे त्या महिन्याचे पगार लांबतात. एवढा दोरा माझ्या एका एन्ट्रीला बांधलेला होता.

तुमच्यानंतर कोणी तपासतं का? एन्ट्री मारणाऱ्याच्या मागे तपासणारा असतो. तपासणाऱ्याच्या मागे कोणी नसतं. सुरुवातीला माझं काम सीनियर बघायचे. ते गेल्यावर काम तेच राहिलं, पण मागची भिंत गेली. कागदावर न दिसणारी ही सगळ्यात मोठी वाढ असते.

तुम्ही चार दिवस नसाल तर काय अडतं? भावाच्या लग्नात हळदीच्या दिवशी मी लॅपटॉप उघडून बसले होते, कारण जीएसटी पोर्टलचा ओटीपी माझ्या मोबाईलवर येत होता. ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो, ही जबाबदारी ओळखायची माझी आवडती खूण आहे. स्टोअरवाल्यांसाठी ती गोदामाची किल्ली, शाळेच्या क्लार्कसाठी सरल पोर्टलचा पासवर्ड.

जबाबदारीइतका अधिकार आहे का? वसुली माझ्याकडे, पण थकबाकीदाराचा माल थांबवण्याचा अधिकार शेठकडे. अशी कामं वेगळी काढा. त्यांना पैशांइतकाच अधिकारही मागायचा असतो, कारण नुसते पैसे वाढले तरी शिव्या त्याच राहतात.

या चाळणीतून माझ्या एकवीस कामांपैकी सहा खरोखर वजनदार निघाली. बाकीची पंधरा वेळखाऊ होती, पण कोणीही शिकून महिन्याभरात केली असती. तक्रार सहांचीच करायची हे तिथे ठरलं.

५. बाजारभाव शोधा, पण पदाच्या नावाने नाही

माझं पद असिस्टंटचं होतं म्हणून मी आधी 'अकाउंट्स असिस्टंट' शोधलं आणि माझा पगार अगदी योग्य आहे असं उत्तर मिळालं! मग वजनदार कामं शोधखिडकीत टाकली: जीएसटी रिटर्न, टीडीएस, पेरोल, पीएफ-ईएसआय. ज्या जाहिराती आल्या त्यांची पदं होती 'अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह' आणि 'सीनियर अकाउंटंट'. तो माझा खरा बाजार.

नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवर जाहिराती बघा, अ‍ॅम्बिशनबॉक्स आणि ग्लासडोरवर लोकांनी भरलेले आकडे. पण डोळसपणे. जाहिरातीतला वरचा आकडा सहसा आमिष असतो. लोकांनी भरलेल्या आकड्यांत कोणी सीटीसी लिहितो, कोणी हातातला, आणि नोंद किती जुनी आहे हेही बघावं लागतं. हिंजवडीतल्या आयटी कंपनीच्या फायनान्सवाल्याशी भोसरीच्या चाळीस माणसांच्या कारखान्याची तुलना करून मन जाळण्यात अर्थ नाही. भाग तोच, कंपनी साधारण त्याच आकाराची, अनुभव जवळपासचा, एवढं जुळलं तरच आकडा वहीत घ्या.

सगळ्यात खरी माहिती माणसांकडून मिळते. 'तुला पगार किती?' असं विचारलं की समोरचा आवळतो. 'या कामाला तुमच्याकडे माणूस घ्यायचा तर किती द्यावे लागतात?' असं विचारलं की मोकळेपणी सांगतो. कंपनीच्या बसमधली मंडळी, जुने सहकारी, टॅली क्लासचे सर, प्लेसमेंटवाले, सगळ्यांना हा एकच प्रश्न. प्लेसमेंटवाल्याने नाव नोंदवायला पैसे मागितले तर तिथून उठा.

निदान सात आकडे जमवा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा खोडा, उरलेल्यांच्या मधला घ्या. माझा आला २९,०००.

६. कायद्याची तळरेषा बघून घ्या

हे झटपट होतं. महाराष्ट्रात किमान वेतन उद्योगाप्रमाणे, कुशल-अर्धकुशल-अकुशल अशा वर्गाप्रमाणे आणि परिमंडळाप्रमाणे ठरतं. त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, म्हणून ताजा तक्ता कामगार आयुक्तांच्या संकेतस्थळावरच बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे वेतनातून वगळले जाणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरची रक्कम वेतनातच धरायची आहे. तुमच्या पावतीवर मूळ पगार नखाएवढा आणि भत्ते डोंगराएवढे असतील तर पीएफ आणि ग्रॅच्युइटी कशावर धरली आहे, हे विचारायला हा आधार आहे.

सारख्याच कामाला बाई म्हणून कमी पगार देता येत नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्यात हे होतं, नव्या संहितेतही आहे. माझ्यानंतर आलेल्या डिस्पॅचच्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त पगार होता, पण त्याचं काम वेगळं होतं. तो मुद्दा मी खोडला. सारखं काम असेल तरच हे पान उघडा.

आणि पदाच्या नावाला भुलू नका. पाटीवर मॅनेजर लिहिलं म्हणून कायद्याने कामगार राहत नाही असं नसतं, कोर्ट प्रत्यक्ष काम काय आहे ते बघतं.

७. निकाल लावा

बाजाराचा मधला आकडा आणि तुमचा ग्रॉस यांत दहा टक्क्यांपर्यंत फरक असेल तर मी म्हणेन, सोडून द्या. घर जवळ असेल, साहेब बरा असेल, तर तेवढं त्यात फिटतं. दहा ते पंचवीसमध्ये असेल तर बोलायलाच हवं. त्याच्या वर असेल तर बोला, पण बोलायच्या आधी बायोडेटा नवा करून ठेवा. हे टक्के माझ्या अंदाजाचे आहेत, कोणत्या पुस्तकातले नाहीत. माझा फरक होता ७,५००, म्हणजे माझ्या पगाराच्या जवळजवळ पस्तीस टक्के.

कधी उलटंही निघतं. माझ्या एका मैत्रिणीने हाच हिशेब मांडला आणि तिचा पगार बाजारापेक्षा वर निघाला. तिची अडचण पैशांची नव्हतीच, दोन माणसांचं काम एकीवर होतं. तिने वाढ मागायच्या ऐवजी माणूस मागितला आणि तो मिळाला.

८. बोलायला जाताना

वेळ आधी ठरवा. एप्रिलच्या वाढीचे आकडे बहुतेक ठिकाणी फेब्रुवारीतच पक्के होतात, म्हणून जानेवारीत बोला. मार्चअखेरीच्या धांदलीत बोललात तर ती धमकी वाटते.

एका पानावर लिहून न्या. वर सहा वजनदार कामं, प्रत्येकापुढे ते कधीपासून आलं आणि चुकलं तर काय होतं. खाली बाजाराचा आकडा. सगळ्यात खाली तुमची मागणी, आकड्यात. मी म्हटलं होतं, 'सर, २०१८ मध्ये मला एन्ट्रीसाठी घेतलं होतं. आता या सहा गोष्टी माझ्या सहीने जातात. अशा कामाला आपल्या भागात २९,००० च्या आसपास देतात. मला ३०,००० अपेक्षित आहेत.' एवढंच. मग गप्प बसायचं. ती शांतता फार जड जाते, पण आपण होऊन ती तोडायची नाही. मी तोडली. 'सव्वीस-सत्तावीस असले तरी चालतील,' असं माझ्याच तोंडून गेलं, आणि सव्वीसवरच मिटलं.

या गोष्टी टाळा:

- घरची अडचण. घरभाडं वाढलं, मुलाची फी वाढली, हे खरं असलं तरी त्याने कामाचं मोल ठरत नाही, आणि समोरून उचल मिळते, वाढ नाही.
- दुसऱ्याचं नाव. 'त्याला इतके आणि मला इतके' म्हटलं की चर्चा त्याच्यावर जाते.
- खोटी ऑफर. 'मग जा' म्हणाले तर?

समोरूनही ठरलेली उत्तरं येतात. 'तू तर घरचीच आहेस' याला मी हसून म्हटलं, 'म्हणूनच घरात बोलतेय.' 'बघू' म्हणाले तर तारीख विचारा आणि त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल टाका: आज हे बोलणं झालं, अमुक तारखेपर्यंत कळवतो म्हणालात, आभार. पैसे न देता नुसतं पद देऊ केलं, तर नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा. तरी घ्या, पण पत्रावर घ्या. पुढच्या नोकरीत त्या पदाचे पैसे मिळतात. मला 'सीनियर अकाउंटंट' असं पत्र मिळालं आणि दहा महिन्यांनी त्याच पत्रावर चाकणला ३२,००० ची नोकरी लागली.

९. सोडायचं ठरलं तर

नवीन ऑफर लेखी हाती आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. नोटीसचे दिवस नेमणूकपत्रात बघा. यूएएन तोच ठेवून पीएफ नव्या कंपनीकडे वळवून घ्या, मोडून खाऊ नका. रिलीव्हिंग लेटर, शेवटची पगारपावती आणि हिशेबाचा कागद हातात पडल्यावरच डेस्क रिकामं करा.

आणि ज्या ज्या पोर्टलला तुमचा मोबाईल नंबर जोडलेला आहे, तो शेवटच्या दिवशी समोर बसून बदलून घ्या. मी घेतला नाही. नोकरी सोडल्यावर पुढचे दोन महिने २० तारखेला मला जुन्या ऑफिसातून फोन यायचा, आणि चाकणच्या बसमध्ये उभी राहून मी ओटीपी वाचून दाखवायची, फुकट.